काळं राहील ते आपलं

मी फळा बोलतोय. शाळेतला साधा फळा नव्हे, चौकटींचा. आलेख काढायचा फळा. सातपूरच्या एका कामगार वस्तीतल्या समाजमंदिरात, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. म्हणजे तुम्हाला माझा चेहरा दिसणार नाही. बरंच आहे. हे काळं तोंड आता कुणाला दाखवावं असं मलाच वाटत नाही.

हे तोंड मला द्वारकेच्या चौकात मिळालं. तिथे झुंबर नावाचा पेंटर होता. ट्रकवर नंबर टाकायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पगारे सरांनी त्याच्यापुढे प्लायवूडची फळी ठेवली आणि म्हणाले, "काळा रंग दे आणि वर पांढऱ्या चौकटी आख. सगळ्या सारख्या पाहिजेत." झुंबरने कपाळावर हात मारला. "सर, देवाचं नाव लिहायला सांगा, वाघ काढायला सांगा. हे चौकोन मोजत बसायचं म्हणजे डोक्याला ताप हो!" पण माणूस कामाचा पक्का. दोरीला चुना लावून एकेक रेघ मारली, मग बारीक कुंचल्याने रंगवली. दोन दिवस लागले. मधोमध एक आडवी आणि एक उभी रेघ जाड काढली. त्या जिथे भेटतात तिथे त्याने छोटंसं शून्य लिहिलं. तीच काय ती माझी बेंबी.

सहादू पगारे सर नामपूरच्या बाजूचे. हयातभर गणित शिकवलं आणि निवृत्त होऊन मुलाकडे सातपूरला आले. घरात बसवेना. वस्तीतली बारावी नापास पोरं गोळा केली आणि समाजमंदिरात दुपारी फुकट शिकवणी सुरू केली. मला दोन खिळ्यांवर टांगलं. सुरुवातीला वीस-बावीस पोरं असायची. कुणी कंपनीतून पहिली पाळी करून थेट यायचं, तेलाचे हात पँटला पुसत बसायचं. काय ते दिवस होते हो! खडूची धूळ अंगावर पडली की मला सणासारखं वाटायचं.

सरांचा आवडता धडा म्हणजे असमानता. पोरं घाबरायची, तर सर म्हणायचे, "अरे, समीकरण घराचा पत्ता सांगतं, असमानता वस्ती सांगते. उत्तर म्हणजे एक ठिपका नाही, अख्खा भाग. तो शोधायचा." एक रेघ काढली की तिच्या दोन बाजू होतात. त्यातली आपली कोणती? "शून्याला विचार," सर म्हणायचे. दोन्ही अक्षरांच्या जागी शून्य घालायचं. विधान खरं ठरलं तर शून्याची बाजू आपली, खोटं ठरलं तर पलीकडची. अशा दोन-तीन रेघा काढल्या की सगळ्यांना चालेल असा जो भाग उरतो, तेच उत्तर.

आता इथे नीट ऐका, कारण माझं सगळं वाटोळं इथेच झालं.

पुस्तकात आपली बाजू रंगवतात. सरांना ते पटायचं नाही. तीन रेघांचे तीन रंग एकावर एक चढले की नुसता गिचमिड काला होतो, काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते उलटं करायचे. जी बाजू नको, तिच्यावर खडू फिरवायचा. पुढच्या रेघेची नको ती बाजू, तिच्यावरही खडू. शेवटी जो भाग खडूविना राहील, तो आपला. सर तळहात माझ्यावर ठेवून म्हणायचे, "काळं राहील ते आपलं!" पोरं एका सुरात म्हणायची. मलाही त्याचा अभिमान वाटायचा. काळ्या रंगाला इतका मान दुसरं कोण देतं?

पण तेव्हा सर पोरांमधून फिरायचे. एकेकाच्या वहीत वाकून बघायचे. "कागदावर उलटं हं, कागद मुळात पांढरा. तिथे कोरं राहील ते आपलं. आणि बाजूला तसं लिहून ठेव, म्हणजे तपासणाऱ्याचा घोळ होत नाही." हे वाक्य ते वह्या बघताना बोलायचे. माझ्यासमोर उभं राहून कधी बोलले नाहीत. गरजच पडली नाही.

पुढे पोरं कमी झाली. क्लासेस निघाले, मोबाईलवर सर आले. शेवटी आमच्या सरांपुढे रिकाम्या सतरंज्या राहिल्या. मी दोन वर्षं कॅरमच्या मागे पडून होतो. हळदीच्या जेवणात कुणीतरी माझ्यावर पत्रावळ्यांची चवड ठेवली. एका चौकटीवर डाळीचा डाग अजून आहे.

मग संजना आली.

संजना दोंदे, वय तेहतीस. समाजमंदिराच्या शेजारच्या खोलीत अंगणवाडी भरते, तिथली मदतनीस. पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, झाडायचं. शिकवायचं काम सेविकेचं. सेविका होत्या सुलाबाई. गुडघे दुखणाऱ्या, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारख्या. खरं सांगायचं तर त्यांच्या गुडघ्यांमुळे दोन वर्षं संजनाच पोरांना शिकवत होती. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज यायचा. चाळीस पोरं तिच्यामागे 'आली आली आगगाडी' करत फिरायची.

सुलाबाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. एके दिवशी संजनाला दंडाला धरून त्या सरांपुढे घेऊन आल्या.

"सर, हिला बारावी करा. ऑफिसात मी विचारून आले. माझ्या जागेवर मदतनीसच घेत्यात, पण बारावीचा कागद पाहिजे. नसला तर बाहेरची येईल."

"कोणता विषय राहिलाय?" सरांनी विचारलं.

"गणित," संजना खाली बघत म्हणाली. "लग्नाच्या आधी दिलेली परीक्षा. बाकीचं निघालं, गणित नाय निघालं. सर, माझ्याच्यानं होईल का? मला तर आता पाढे पण नीट येत नाय."

"ह्या चाळीस पोरांना सांभाळती," सुलाबाई म्हणाल्या, "आन् म्हणं गणित सांभाळता येत नाय! येडी का काय?"

सरांनी मला कॅरममागून काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, डाळीचा डाग नखाने खरवडून पाहिला, आणि पुन्हा खिळ्यांवर टांगलं. माझा ऊर भरून आला होता. फळ्याला ऊर असतो का, असं विचारू नका.

अंगणवाडी सुटली की संजनाला अर्धा-पाऊण तास मिळायचा. नंतर नळाला पाणी, घरी सासू, नवऱ्याचा डबा. एवढ्या वेळात वही काढा, रेघा आखा, हे कुठलं जमायला? सर म्हणाले, "वही राहू दे. खडू घे, फळ्यावरच सोडव." ती एकटीच विद्यार्थिनी. तिने माझ्यावरच लिहायचं, चुकलं की माझ्यावरच पुसायचं. रोज आल्या आल्या आधी मला स्वच्छ पुसायची. सरांची शिस्तच तशी होती, घाण फळ्यावर गणित मांडायचं नाही.

सरांनी तिच्या कामातलंच उदाहरण घातलं. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याचे लाडू. दोन्ही मिळून सहापेक्षा जास्त नकोत. गूळ राजगिऱ्याच्या लाडवाला एक खडा, शेंगदाण्याच्या लाडवाला दोन, आणि एकूण खडे आठपेक्षा जास्त नाहीत. तर किती लाडू करता येतील? संजनाने पहिली रेघ काढली, सहापासून सहापर्यंत. दुसरी आठपासून चारपर्यंत. शून्याला विचारलं. नको त्या बाजूंवर खडू फिरवला. खाली शून्याजवळ चार कोपऱ्यांचा काळा तुकडा उरला.

"हे आपलं!" ती ओरडली. अगदी पोरासारखी टाळी वाजवली. "सर, याच्यातले कुठलेबी लाडू चालतील. बाहेरचे नाय."

"काळं राहील ते..."

"आपलं!" ती म्हणाली.

पाच महिने ती आली. पाळी असो, ताप असो, सासूची कटकट असो. एकदा तर हातावर खिचडी सांडून भाजलं होतं, तरी डाव्या हाताने रेघ काढली, वाकडी आली, पुसली, परत काढली. मी किती विद्यार्थी पाहिले, पण इतक्या मनापासून माझ्या अंगावर कुणी लिहिलं नाही. शेवटी शेवटी सर बोलायचेही नाहीत, नुसते खुर्चीत बसून हसत मान हलवायचे. त्यांना कमी दिसायला लागलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलाने परीक्षेच्या आठवड्यातच ऑपरेशनची तारीख घेतली. सर चिडले, पण मुलापुढे चाललं नाही. जाताना संजनाला म्हणाले, "तुझं सगळं झालंय. आलेखाचे आठ गुण तर खिशात आहेत. आता कागदावर एक-दोन करून बघ, हात बसेल."

आठ गुण. मी ते अजून मोजतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संजना एकटीच आली. दुकानातून आलेख कागदांचा गठ्ठा आणला होता. आदल्या आठवड्यातलं लाडवांचं गणित माझ्यावर तसंच होतं. खडूने भरलेल्या बाजू आणि खाली तो काळा तुकडा. तिने सवयीने फडकं घेतलं आणि मला पुसून काढलं. अगं, राहू दे गं! तेवढं एक गणित राहू दिलं असतं तर त्याच्याकडे बघून तरी तिच्या लक्षात आलं असतं. पण तिला शिस्त लावली होती ना आम्ही.

मग माझ्यासमोर सतरंजीवर बसली, मांडीवर पाटी, पाटीवर आलेख कागद. नवं गणित घेतलं. दोन संख्यांची बेरीज पाचपेक्षा जास्त नको. पहिलीची दुप्पट आणि दुसरी मिळून आठपेक्षा जास्त नको. दोन्ही रेघा अचूक काढल्या. तीन-दोन या बिंदूत छेदल्या, तेही बरोबर. शून्याला विचारलं. खरं आलं. मी मनात म्हटलं, शाब्बास.

मग तिने नको त्या बाजूंवर पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. पहिल्या रेघेपलीकडे. दुसऱ्या रेघेपलीकडे. वर उजवीकडे दोन्ही वेळा पेन्सिल फिरली, तिथे कागद चांगलाच काळा झाला. खाली शून्याजवळचा तुकडा कोरा, पांढरा राहिला. तोच खरा. तोच!

तिने कागद थोडा लांब धरला. ओठ हलले. "काळं राहील ते आपलं." आणि तिने पेन्सिलीचं टोक त्या वरच्या काळ्या भागावर ठेवलं, त्याच्या कडा ठळक केल्या आणि आत लिहिलं: उत्तर.

अहो, मी ओरडलो असतो हो! आवाज असता तर गळा फाटेपर्यंत ओरडलो असतो. त्या काळ्या भागातला पाच-चार हा बिंदू घेऊन बघ, बाई. बेरीज नऊ होते. पाचपेक्षा जास्त नको, असं वरच लिहिलंय की तू! खिळ्यावरून खाली पडावं, मोठा आवाज व्हावा, ती दचकावी, असं वाटलं. पण झुंबरची फळी भक्कम आणि सरांचे खिळे त्याहून भक्कम. जागचा हललो नाही. तिने आणखी एक गणित सोडवलं. तेही तसंच. मग तिसरं. सगळी नीटनेटकी, सगळी साफ चुकीची. शेवटी कागद गोळा केले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "येते."

सुलाबाई दारात उभ्या होत्या. "झाला का अभ्यास?"

"झाला. आलेख तर एकदम पक्का."

हा शब्द मी ऐकला आणि काही करू शकलो नाही.

निकाल लागला त्या दिवशी संजना समाजमंदिरात आली नाही. गणितात अठ्ठावीस. पस्तीस लागतात. सर काळा चष्मा लावून वस्तीत तिच्या घरी गेले, म्हणाले, काहीतरी गफलत आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवू. ती मागवली. येईपर्यंत सुलाबाईंचा निरोप समारंभ होऊन गेला. त्या माइकवर बोलताना रडल्या, आणि जागेवर कोण येणार याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

छायाप्रत घेऊन दोघं माझ्यासमोरच बसले. सर पानं उलटत होते. ऑपरेशननंतर त्यांना लख्ख दिसायला लागलं होतं. आलेखाच्या पानावर ते थांबले. दोन्ही प्रश्नांना लाल शून्य. सरांनी पान जवळ नेलं, लांब नेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पानाकडे.

"संजना, हा भाग का घेतलास?"

"काळा तोच हाय ना सर." ती सरळ म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

सरांनी चष्मा काढला. शहरात इतकी वर्षं राहूनही मनातलं बोलताना त्यांच्या तोंडी गावाकडची बोली येते. चूक स्वतःकडे घेत म्हणाले, "बाई, तुनी चूक नही. ती चूक मनी शे." आणि म्हातारा माणूस तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडायला लागला.

संजना घाबरली. "सर, असं नका करू. तुम्ही पाच महिने फुकट शिकवलं मला."

"मी तुझा एक कागद बघितला नाही," सर म्हणाले. "पाच महिन्यांत एक कागद."

"मग काय झालं? जुलैत परत परीक्षा हाय ना?" हे ती म्हणाली खरं, पण लगेच तिचाच आवाज पडला. "पण जुलैपर्यंत जागा कोण ठेवतंय."

आणि सर, मी? तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत. पण काळा तर मी होतो. मी पांढरा असतो तर ते वाक्यच जन्माला आलं नसतं. ज्या रंगाचा मला गर्व होता, त्यानेच तिचा घात केला. सगळं मी डोळ्यांदेखत बघितलं, आणि माझ्याकडून एक खडूचा तुकडासुद्धा खाली पडला नाही.

सरांनी त्याच दुपारी मला खिळ्यांवरून उतरवलं. भिंतीला टेकवलं, तोंड भिंतीकडे. मला वाटलं, रागाने केलं. पण जाताना त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला, तेव्हा कळलं की त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. त्यानंतर ते समाजमंदिरात आले नाहीत. पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्यांनी संजनाच्या घरी पाठवला होता, असं कॅरम खेळणारी पोरं बोलत होती. तिने तो भरला नाही. जागा भरली गेली होती.

नवी सेविका सायली. बावीस वर्षांची, कॉलेज केलेली. वाईट नाही पोरगी. पण पोरं तिच्याकडे जात नाहीत, रडतात, आणि मग ती हाक मारते, "संजनाताई, जरा बघा ना." संजना हात पुसत येते. भिंतीपलीकडे रडणं थांबतं.

तुमच्यापैकी कुणी कुणाला काही शिकवत असेल, तर माझं एवढं ऐका. तुमच्यासमोर त्याला येतं, यावर जाऊ नका. तुम्ही नसताना त्याच्या हातून काय उतरतं, ते एकदा बघा. वाकून बघा. मला वाकता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

काल दुपारी सायली आणि संजना समाजमंदिरात आल्या होत्या. अंगणवाडीची भिंत ओलीने फुगलीय, सूचना लावायला जागा नाही. सायलीने माझी उघडी पाठ बघितली आणि म्हणाली, "इथेच चिकटवूया." संजनाने खळ लावली, वर कोरा कागद बसवला. सायलीने स्केचपेन तिच्या हातात दिलं. "ताई, तुमचं अक्षर किती छान आहे. तुम्हीच लिहा ना."

संजना लिहायला लागली. मला दिसत नव्हतं, पण तिच्या हाताचा दाब मला पाच महिन्यांचा ओळखीचा. एकेक अक्षर पाठीत उतरत होतं. वर लिहिलं: अंगणवाडी सेविका, आणि पुढे सायलीचं नाव. त्याच्याखाली लिहिलं: मदतनीस. मग तिने स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, कुठेही न चुकता, आणि कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने माझ्या पाठीवर दाबून बसवला.